माणूस मुळात कसा?

भाऊबीज आटोपली की आमच्या झाडीपट्टीत मंडईचे दिवस सुरू होतात. आज या गावी, उद्या त्या गावी. हलक्या धानाची कापणी झालेली असते, भारी धान अजून बांधीत उभे असते, आणि माणसांच्या हाती चार पैसे खुळखुळू लागलेले असतात. दिवसा दंडार, रात्री नाटक. आमचे बपेरा हे तुमसर तालुक्याच्या टोकाचे गाव; त्यामुळे सीमेपलीकडच्या मध्यप्रदेशातले पाहुणेही मंडईला हटकून असतात. थंडीत गोधड्या पांघरून माणसे पहाटेपर्यंत नाटक पाहतात आणि खलनायक रंगभूमीवर आला की बायाबापड्या मनापासून बोटे मोडतात.

मागल्या साली अशाच एका रात्री माझ्या शेजारी बसलेल्या एका म्हातारीने मला विचारले, "गुरुजी, हा असा काऊन वागते जी?" नाटकातला तो सावकार विधवेचे शेत गिळत होता. मी हसून म्हटले, "आजी, नाटकात तसे लिहिले आहे म्हणून." म्हातारीचे समाधान झाले नाही. ती म्हणाली, "पण लिवणाऱ्याले तरी माईत असन ना?"

वाचकहो, हा प्रश्न मला फार लागला. कारण मीही एक लिहिणारा आहे. मॅट्रिकपलीकडे माझे शिक्षण नाही. मुलांना शिकवावे आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहाव्यात, हा माझा क्रम. माझ्या एका कादंबरीतही असाच एक दुष्ट सावकार आहे, आणि तो असा का, हे मला खरोखरच माहीत नव्हते. त्याला दुष्ट केल्यावाचून माझी नायिका दुःखी होत नव्हती, एवढेच मला माहीत होते. म्हणून यंदा दिवाळी अंकासाठी लिहावयास बसलो, तेव्हा दुसऱ्यांच्या पुस्तकांना तोच प्रश्न विचारून पाहावा असे ठरविले. माणूस मुळात चांगला, मुळात वाईट, की परिस्थिती घडवील तसा?

प्रश्न नवा नव्हे. चीन देशात दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी मेन्शियस म्हणाला की, विहिरीत पडू पाहणारे मूल दिसले तर कोणाच्याही काळजात चर्र होते. तेव्हा माणूस मुळात चांगलाच. त्याच परंपरेतल्या शुन्झीने उलट सांगितले की, माणसाचा स्वभाव वाईटच असतो, चांगुलपणा त्याला प्रयत्नाने आणावा लागतो. आपल्याकडे एवढी काथ्याकूट न करता वाल्याची गोष्ट सांगितली गेली. वाटमारी कुटुंबासाठी करतो असे म्हणणाऱ्या वाल्याला नारदाने घरी धाडले, आणि पापात वाटा घ्यावयास घरातले कोणीच तयार होईना. परिस्थितीची सबब तिथे संपली आणि वाल्याचा वाल्मीकी झाला. पण या गोष्टीत एक बारीक गोम आहे. वाल्याला घरी जाऊ देताना 'हा परत येईल' असे नारदाने धरून चालावयास हवे होते. वाल्याच्या बदलाची गोष्ट सारे सांगतात. नारदाच्या त्या धीराची कोणी सांगत नाही.

या धीराचा एक खरा प्रयोग महाराष्ट्राच्या मातीत झालेला आहे. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ च्या सुमारास आटपाडीजवळच्या माळावर कैद्यांची एक खुली वसाहत वसविली. भिंत नाही, साखळदंड नाही. कैद्याने जमीन कसावी आणि कुटुंबासह राहावे. या कामी त्यांच्या पाठीशी मॉरिस फ्रिडमन नावाचा एक पोलंडचा इंजिनिअर होता. बंगळूरच्या कारखान्यातली नोकरी सोडून तो गांधीजींच्या मार्गाला लागला आणि औंधात रमला. वसाहतीचे नाव स्वतंत्रपूर. सांगली जिल्ह्यात ती आजही आहे.

याच प्रयोगावरून ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' हा बोलपट काढला. माडगूळकर त्याच मुलखातले; माणदेशचा माळ त्यांना ठाऊक होता. बोलपट राष्ट्रपतींच्या सुवर्णपदकाचा मानकरी ठरला आणि १९५८ च्या बर्लिन महोत्सवातही गौरविला गेला. मी तो लहानपणी दूरदर्शनवर पाहिला आणि त्यानंतर किती वेळा पाहिला याची गणती नाही. आदिनाथ नावाचा तुरुंगाधिकारी सहा खुनी कैद्यांना बाहेर काढतो, ओसाड जमिनीवर नेतो, त्यांच्याकडून ती पिकवून घेतो. पळून जावेसे वाटले तरी त्याचे दोन डोळे त्यांना सोडीत नाहीत. ते बाजारात भाजी स्वस्त विकू लागतात, व्यापाऱ्याच्या पोटावर पाय येतो, तो त्यांना मारहाण करवितो, आणि हात न उचलण्याचे वचन दिलेले हे खुनी मुकाट मार खातात. हा प्रसंग पाहताना अजूनही माझा गळा दाटतो.

तथापि टीकाकाराच्या खुर्चीत बसल्यावर दोन गोष्टी बोलल्याच पाहिजेत. पहिली ही की, खुन्यांना समजून घेणारा हा बोलपट भाजीच्या व्यापाऱ्याला मात्र समजून घेत नाही. सहा खुनी मुळात चांगले, आणि व्यापारी मुळात वाईट! म्हणजे दुष्टपणा संपला नाही, फक्त तुरुंगातून बाजारात गेला. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. आदिनाथ हा देवमाणूस आहे. तो चिडत नाही, डगमगत नाही, शेवटी प्राणही देतो. त्यामुळे पडद्यापुढचा तुमच्याआमच्यासारखा माणूस डोळे पुसतो आणि मनात म्हणतो, 'हे आदिनाथालाच जमावे.' विश्वास ठेवणे हे संताचे काम ठरले की आपण त्यातून मोकळे होतो.

असे मोकळे होणे किती महाग पडते हे मला अनुभवाने ठाऊक आहे. ही गोष्ट मी आजवर कोठे लिहिलेली नाही.

पुष्कळ वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगा होता. त्याचे कुटुंब पूर्वी पाल टाकून हिंडणारे. पुढे गावाबाहेर स्थिरावलेले. गावात काही हरवले की पहिली नजर त्या घराकडे जात असे. मी तरुण होतो, आदिनाथ माझ्या डोक्यात बसला होता. मी वर्गाच्या कपाटाची किल्ली त्या मुलाच्या हाती दिली. खडू, नकाशे, वह्या सारे त्याच्या ताब्यात. पोरगा चार महिने किल्ली करगोट्याला बांधून हिंडत होता. सकाळी सर्वांच्या आधी येई. कपाट पुसून लख्ख ठेवी. सहकाऱ्यांना मी मोठ्या ऐटीत सांगत असे, "पाहा, विश्वासाने माणूस कसा बदलतो!"

पुढे सहलीसाठी जमविलेले पैसे मी त्याच कपाटात ठेवले. मोजले तेव्हा दोनशे रुपये कमी भरले. मी त्याला काही विचारले नाही. रागावलोही नाही. फक्त दुसऱ्या दिवशी म्हटले, "किल्ली आण रे जरा," आणि ती गावातल्या एका बड्या घरच्या मुलाकडे दिली. मला वाटले, आपण किती सौम्यपणे हा प्रसंग निभावला! मुलाने करगोट्याची गाठ सोडली, किल्ली टेबलावर ठेवली आणि जागेवर जाऊन बसला. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो शाळेत आलाच नाही. मी घरी गेलो तेव्हा आई म्हणाली, मामाबरोबर वीटभट्टीवर गेला.

पैसे त्यानेच घेतले होते काय? मला आजही माहीत नाही. मोजण्यात माझी चूक झाली असेल, दुसऱ्या कोणी घेतले असतील, त्यानेही घेतले असतील. माझ्या प्रयोगातले खोटेपण त्या पैशांत नव्हतेच. मी त्याच्यावर विश्वास ठेवला नव्हता, मी त्याची परीक्षा पाहत होतो. आणि पहिल्याच चुकलेल्या गणिताला त्याला नापास करून मोकळा झालो. गणितात चुकणाऱ्या बड्या घरच्या मुलाला मी दहा वेळा संधी देत होतो.

एका मास्तराने जे केले तेच पूर्वी कायद्याने केले. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. अमुक जातीत जन्मला म्हणजे गुन्हेगार, असे कागदावर लिहून ठेवले. पुढे तो कायदा देशभर पसरला. माणसांना हजेरी लागली, वसाहतींच्या कुंपणात राहणे आले. १९५२ साली तो रद्द झाला, जमाती 'विमुक्त' झाल्या. परंतु ८१ वर्षे ज्याच्या पाळण्यावरच चोर म्हणून चिठ्ठी लावली, त्याचा मूळ स्वभाव कोणता आणि चिठ्ठीने आणलेला कोणता, हे कोणी कसे निवडावे?

या चिठ्ठीला मराठी कादंबरीने दिलेले मोठे उत्तर म्हणजे अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा'. वर्ष १९५९. वाटेगावच्या परिसरातला हा मांग समाजातला वीर. गाव उपाशी मरू लागते तेव्हा धान्य लुटतो, सरकारी खजिना लुटतो. सरकारच्या लेखी हा दरोडा. गावाच्या लेखी हे जगविणे. अण्णा भाऊंनी चिठ्ठी उलटी करून दाखविली, आणि तशी ती दाखविणे अगत्याचे होते. पण मला एक रुखरुख राहते. फकिरा इतका उमदा आहे की, तो चोर नव्हे हे कबूल करणे वाचकाला सोपे जाते. जो उमदा नाही, साधाच आहे, भुकेने खिसा कापतो आणि पळतो, त्याचे काय? त्याचे उत्तर यावयास जवळजवळ तीस वर्षे जावी लागली. लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' १९८७ साली आले आणि दुसऱ्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. त्या आत्मकथनात वीर कोणी नाही. चोरी हे तिथे पोटाचे साधन आहे, आणि इतर घरी पोरांना जसा वडिलांचा धंदा शिकवितात तसा तो तिथे शिकविला जातो. लेखक कोणाची बाजू मांडीत नाही, कोणाला धुऊन काढीत नाही. तरीही पुस्तक मिटताना यांपैकी कोणाला 'मुळात वाईट' म्हणावे, असा माणूस सापडत नाही. हे यश मी 'फकिरा'पेक्षा अवघड मानतो.

एवढ्यावरून कोणी म्हणेल, झाले तर! माणूस म्हणजे परिस्थितीचा गोळा. पोट भरले की चोरी संपेल. असे म्हणणाऱ्याच्या हाती मी त्याच १९५९ सालची दुसरी कादंबरी देईन. वि. स. खांडेकर यांची 'ययाति'. योगायोग असा की 'फकिरा'ला प्रस्तावना लिहिणारे खांडेकर ते हेच. शिरोड्यासारख्या खेड्यात त्यांनी १९२० पासून सुमारे अठरा वर्षे मास्तरकी केली. म्हणून मला ते आमच्या बिरादरीतले वाटतात. 'ययाति'ला पुढे १९७४ चे ज्ञानपीठ मिळाले. ययातीला कशाची वाण नव्हती? राज्य, रूप, सत्ता, विद्या सारे होते. तरीही भोगाची भूक भागेना आणि अखेर त्याने आपल्या मुलाकडे तारुण्य मागितले. उपाशी फकिरा दुसऱ्याच्या पोरांसाठी जीव धोक्यात घालतो, आणि तृप्त ययाती स्वतःच्याच पोराचे आयुष्य मागतो! भाकरीने माणूस चांगला होत असता तर या दोन कादंबऱ्यांची अदलाबदल व्हावयास हवी होती.

खांडेकरांनी आणखी एक गोष्ट केली आहे. नहुषाची मुले कधी सुखी होणार नाहीत, असा शाप कादंबरीभर ययातीच्या डोक्यावर आहे. म्हणजे पाळण्यावरची चिठ्ठी राजवाड्यातही आहेच. पण ययातीला या शापाआड लपता येत नाही. त्याच्या चुकीच्या प्रत्येक पायरीवर तो थांबू शकला असता, हे वाचकाला दिसत राहते. खांडेकरांची अलंकारिक भाषा आज कोणाला जड वाटते, उपदेश जास्त वाटतो. ते मलाही काही ठिकाणी जाणवते. परंतु 'इथे तो थांबू शकला असता' ही जागा त्यांनी सोडलेली नाही, आणि कादंबरीकाराचे खरे काम त्या जागेवरच असते असे मला वाटू लागले आहे.

माझे सर्वांत आवडते पुस्तक मी शेवटी ठेवले आहे. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी', १९५५. बोलपटाची कथा लिहिणाऱ्या माडगूळकरांचे हे धाकटे बंधू. मुलूखही तोच, औंध संस्थानचाच. एक पोरसवदा मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवावयास येतो. वाडीत आळशी आहेत, भांडकुदळ आहेत, ज्यांची चोरी साऱ्यांना ठाऊक आहे असेही आहेत. आणि सारे वाडीचेच आहेत. बैलाची जोडी जुळत नाही म्हणून शेकूची बायको औताला खांदा लावते. गाव घाम गाळून तालीम बांधते. आणि मग दुष्काळ पडतो. येथे एखाद्या लेखकाने माणसे एकमेकांच्या उरावर बसलेली दाखविली असती, दुसऱ्याने त्यागाचे पुतळे उभे केले असते. माडगूळकर दोन्ही करीत नाहीत. माणसे मेंढरे घेऊन एकेक करून निघून जातात, वाडी ओस पडते. परिस्थिती माणसाला चांगले करीत नाही आणि वाईटही करीत नाही. ती त्याच्या पायाखालची जमीन काढून घेते, इतकेच. कोण मुळात कसा, याचा निवाडा त्या कादंबरीत कोठेच नाही. मास्तर सर्वांना ओळखतो, त्यामुळे त्याला निवाड्याची गरजच पडत नाही.

आता माझे म्हणणे थोडक्यात सांगतो. माणूस मुळात कसा, हे मला ठरविता आलेले नाही; ते ठरवावयास मी निघालोही नव्हतो. मात्र एक गोष्ट या पुस्तकांनी मला दाखविली. हा प्रश्न नेहमी किल्ली हाती असलेला माणूस विचारतो. तुरुंगाधिकारी कैद्याविषयी विचारतो, सरकार जमातीविषयी विचारते, मास्तर पोराविषयी विचारतो. ज्याच्याविषयी विचारले जाते त्याला तो विचारावयाची मुभाच नसते. आणि विचारणाऱ्याने स्वतःचे मूळ तपासल्याचे उदाहरण फार थोडे. म्हणून एखाद्या कादंबरीचा कस पाहताना मी दोन प्रश्न विचारू लागलो आहे. तिच्यातल्या वाईट माणसाला थांबण्याची एक तरी जागा लेखकाने दिली आहे काय? आणि चांगल्या माणसाला घसरण्याची एक तरी जागा ठेवली आहे काय? पहिल्या प्रश्नात 'दो आँखें'चा व्यापारी नापास होतो. दुसऱ्यात आदिनाथ आणि काही अंशी फकिराही. माझा सावकार तर पहिल्यातच गारद! कोणत्या दिवशी, कोणत्या दारात तो विधवेचे शेत सोडून परत फिरू शकला असता, हे मी कधी शोधलेच नाही.

ज्या रात्री म्हातारीने मला तो प्रश्न विचारला, त्याच रात्रीची एक गोष्ट सांगून पुरे करतो. नाटकाच्या मध्यंतरात चहाला उठलो तर एक दाढीवाला गृहस्थ कडेवर लहानगी पोर घेऊन पुढे आला आणि पाया पडला. मी ओळखले नाही. त्याने नाव सांगितले तेव्हा माझ्या हातातला कप हलला. तो आता मोटारसायकली दुरुस्त करतो, बाजूच्या तालुक्यात त्याचे छोटेसे दुकान आहे. इकडचे तिकडचे बोलणे झाले. मग तो सहज म्हणाला, "गुरुजी, तुम्ही किल्ली देल्ली होती, ते याद आहे." थोडे थांबून म्हणाला, "वापस घेतली, तेबी याद आहे."

त्या दोनशे रुपयांविषयी विचारावे असे क्षणभर माझ्या ओठावर आले होते. मी विचारले नाही. एवढेच म्हणालो, "चुकलो रे बाबा मी."

तो काही बोलला नाही. पोर पाळण्यात बसावयाचे म्हणून हट्ट करीत होती. त्याने खांद्यावरची पिशवी काढून माझ्या हाती दिली. दिवसभराची कमाई आत होती, तोंड नीट बांधलेलेही नव्हते. म्हणाला, "जरा सांभाळा जी. पोरीले झुल्यात बसवून आणतो." आणि गर्दीत दिसेनासा झाला. मी अर्धा तास ती पिशवी छातीशी धरून उभा होतो. तिकडे नाटक पुन्हा सुरू झाले होते.

ती सावकाराची कादंबरी मी आता पुन्हा लिहावयास घेतली आहे.